चपला घालाव्यात

नाशिक, रविवार

मोहिनीच्या बाबांना नमस्कार.

मोहिनीने पाठवलेल्या व्हिडिओत पाणबुडी कलंडली, म्हणून ती सरळ वर येईपर्यंत अनवाणी राहण्याचा नवस तुम्ही केलात, असे पुतण्या हर्षल सांगतो. फोनवर तुम्ही नुसते हो हो करता, म्हणून लिहिणे भाग पडले.

तुमची लेक पाणबुडीत नसते, खुर्चीत असते. खोलातून वर येताना पाणबुडी लाटांत किती कलेल, हे ती संगणकावर आधीच पाहते, म्हणजे पुढे खऱ्या पाणबुडीतली माणसे वाचतात.

काल माझ्यासमोर ती चित्रातली पाणबुडी आडवी झाली. माझ्या तोंडून निघाले, "अगं, धर तिला." मोहिनी चहा पीत म्हणाली, "आई, आत कुणी नाही. अजून बऱ्याचदा पडेल."

पोरगी जरा वाळली आहे, पण जेवते. तुमच्या टाचांच्या भेगा कशा आहेत? कळवणच्या उन्हात मर्दुमकी दाखवू नये.

आज पाणबुडी सरळ वर आली. तुमचा नवस फिटला असे समजा आणि पाय जपा.

उज्वला

हर्षलच्या हाती दिले: चपलांचा नवा जोड, भेगांचे मलम आणि गडावरच्या देवीला वाहायचा नारळ. नारळ माझ्या नवसाचा आहे. चौकशी करू नये.