संध्याकाळची तिकिटं

प्रिय काजवाली,

आता तू माझी नणंद, म्हणजे वन्सं म्हणायला हवं. पण नऊ वर्षं माझ्या कात्रीशेजारी बसून शर्टांना काजं पाडणाऱ्या मैत्रिणीला वन्सं म्हणायला माझी जीभ वळत नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते. तुझा भाऊ आंघोळीला गेलाय, तेवढ्यात हॉटेलच्या कागदावर लिहितेय. पानांचे फोटो काढून पाठवीन. अर्ध्यावर सोडू नकोस.

आठवतं ना, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी या प्रवासाचे कागद पसरायची? विमान आणि हॉटेल यांतच आमची उडी संपली होती. बाकीचं फिरणं स्वस्तात बसवायचं होतं. मग मला शोध लागला की इथे साडेपाचनंतर सगळं निम्म्या दरात मिळतं. तळ्यातली बोट, डोंगरावरचा रोपवे, पलीकडच्या जुन्या गावाची छोटी गाडी, सगळंच. शिवाय संध्याकाळची वेळ, नवीन लग्न, हातात हात. खिशालाही परवडतंय आणि मनालाही, म्हणून मी सगळ्या कारखान्यात मिरवत होते. बायका चिडवत होत्या. तू मात्र तेव्हा हळूच म्हणालीस की सकाळीच जा, संध्याकाळी थकायला होतं. मला वाटलं, लग्नाआधीच नणंदपणा सुरू केला हिनं.

इथे आलो आणि पहिल्याच दिवशी तुझ्या भावानं बोटीची सकाळची तिकिटं काढली, पूर्ण दरानं. एका चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेणारा हा माणूस! मी म्हटलं, अहो, संध्याकाळी निम्म्यात मिळतात की. तर म्हणाला, सकाळी पाणी छान दिसतं. दुसऱ्या दिवशी जुनं गाव, तेही सकाळीच. दुपारी चारला आम्ही खोलीत परत. खिडकीतून बेकरीचं मागचं अंगण दिसतं, तिथे रिकामे ट्रे धुणारा माणूस बघत बसायचं. खाली रस्त्यावर जोडपी हातात हात घालून चाललेली, आणि माझा नवरा वर्तमानपत्र वाचतोय. खोलीतला दिवासुद्धा विझवू देत नाही. नवरा चिक्कू नाही म्हणून कुरकुरणारी नवरी मी एकटीच असेन. पण मला खरंच लागलं गं. वाटलं, चारचौघांत माझ्याबरोबर फिरायची लाज वाटते याला. तुझ्या शब्दाखातर लग्नाला हो म्हणाला असेल. दोन दिवस मी आरशासमोर उभी राहून स्वतःतच खोट काढत होते.

चौथ्या दिवशी मी हट्टाला पेटले. त्याला न विचारता रोपवेची संध्याकाळची तिकिटं काढली. वर पोहोचेपर्यंत त्यानं माझं मनगट सोडलं नाही. मी वेडी, खूश झाले. वर कठड्यापाशी एक बाक होता. मी माझा कोट बाकाच्या पाठीला अडकवला आणि समोरून कॉफी आणायला गेले. जाताना सांगितलंही, पण वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं. येईपर्यंत अंधारून आलं होतं. अंधार म्हणजे काय, मला कठड्यावरचे स्क्रूसुद्धा दिसत होते. मी दोन पावलांवर उभी होते, दोन्ही हातांत कप. आणि तो माझ्या कोटाशी बोलत होता. म्हणत होता, रागावलीस का, मला जमत नाही नीट बोलायला, पण तू आल्यापासून मला फार बरं वाटतं. बोलता बोलता त्यानं कोटाच्या बाहीवर हात ठेवला, बाही रिकामी लागली आणि तो दचकून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. मी वळसा घालून मागून आले, आत्ताच पोहोचल्यासारखं दाखवलं, कप त्याच्या हाताला लावून दिला. कॉफी कशी होती ते दोघांनाही सांगता येणार नाही.

काल त्यानं बाहेरच्या जिन्यात उभं राहून तुला फोन केला. दार नीट लागलं नव्हतं. डोळ्यांचं तिला सांगून टाकतो, असं तो तीनदा म्हणाला. मग बराच वेळ नुसता हं हं करत राहिला, आणि शेवटी म्हणाला, बरं, घातलीयेस शपथ तर नाही सांगत. त्याची आधीची दोन स्थळं का मोडली ते मला तेव्हा कळलं. तुमच्या बाबांना तू हाताला धरून न्यायचीस आणि वयावर ढकलायचीस, तेही. ताप आला तरी मला आधी सांगणारी तू, एवढी गोष्ट गिळून बसलीस. मी काल तुझा खूप राग राग केला. अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या जागी मी असते तर भावासाठी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे.

आता कशासाठी लिहितेय ते ऐक. मी विचारलं तर तो लगेच कबूल करेल, पण मग ते पकडलं गेल्यासारखं होईल, आणि जन्मभर तो माझ्यासमोर मान खाली घालून बसेल. मला ते नकोय. त्यानं आपण होऊन मला सांगायला हवं. म्हणून आज त्याला फोन कर आणि शपथ सुटली म्हण. मला कळलंय हे मात्र त्याला कधीच सांगू नकोस, एवढं तुझ्याकडे मागते. आमचे पाच दिवस उरलेत. या पाच दिवसांत तो बोलला, तर त्याला हाताला धरून मी तुमच्या घरी येईन, आणि पुढे त्याला अजिबात दिसेनासं झालं तरी तो हात सोडणार नाही. नाही बोलला, तर विमानतळावरून मी सरळ आईकडे जाईन. मला तो फार आवडायला लागलाय गं. लवकर फोन कर.

तुझीच, रागावलेली,
कात्री