शेपटीला पाणी

आबा, काल मी एका मेलेल्या लोहाराची चूक काढायला गेले आणि तोंडावर पडले. इथे जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राकाठी, व्हेल मारायच्या जुन्या हत्यारांचं लहानसं म्युझियम आहे. नात घेऊन गेली होती. चरबी कापायचे पुरुषभर सुरे, भाले, आणि एक हार्पून, म्हणजे मागे दोर बांधून फेकायचा भाला. त्याचा लोखंडी दांडा पिळून वेटोळा झालेला. मी म्हटलं, "कच्चं काम. आमच्या आबांनी परत भट्टीत घातलं असतं." नातीने ते तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला जर्मनमध्ये सांगितलं. तो हसला, हातवारे करून बराच बोलला. "नाही, आजी, मुद्दाम!" नात म्हणाली. "दांडा मऊच ठेवायचे. व्हेल उसळला की मऊ लोखंड वाकतं. कडक असतं तर तुटलं असतं." शेजारची पाटी मी अक्षर अक्षर लावून वाचली, अर्थ नातीने सांगितला. दोराला अडकलेलं जनावर होडी फरफटत न्यायचं. दमलं की फुप्फुसात भाला खुपसून फिरवायचे, श्वासाचं कारंजं लाल होईपर्यंत. मग होडीतली माणसं आनंदाने ओरडायची.

त्या काचेसमोर मी दहा वर्षांची झाले. मी भाता ओढते आहे, आई घण मारते आहे. दारात बैलगाडी थांबते. तुमचं गिऱ्हाईक आत आडवं पडलंय, नडगीचं हाड उघडं. लाकूड तोडताना कोयत्याची शेपटी, म्हणजे मुठीत ठोकलेलं टोक, मुठीतच मोडली आणि पातं पायात घुसलं. तुम्ही मोडलेला तुकडा उजेडात धरता. आत साखरेसारखे दाणे चमकतात.

"शेपटीला पाणी कुणी पाजलं? पाणी धारेला पाजायचं, शेपटीला नाही!"

आई एकदाच माझ्याकडे बघते. "मी," ती म्हणते.

"लोहाराची बायको म्हणवतेस, रांडे!" तुम्ही विस्तवातली सांडशी उचलून तिच्या दंडावर मारली. कातडीचा वास आला. मग दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. त्या हाताने तिने पुन्हा घण उचलला नाही.

माझे आबा राक्षस होते, असं मी ह्यांना लग्नानंतर सांगितलं होतं. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण मी ते वाक्य बदललं नाही. पाणी पाजून कडक झालेली शेपटी तुटणारच; तुमच्या रागाला कारण होतं, हे मला काल परक्या माणसाकडून कळलं. सांडशीला नव्हतं. ते मी अजूनही तुम्हाला माफ करत नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायचा धीर झाला. आईने पाणी पाजलं नव्हतं, आबा. तुम्ही दोघं जेवायला आत गेला होतात. मी तो लाल कोयता शेपटीसकट पाण्याच्या डोणीत बुडवला. मला तो चर्रर आवाज आवडायचा. तापल्या तव्यावर पाणी मारते तेव्हा अजून आवडतो.