एका अक्षराची दुरुस्ती

१२ फेब्रुवारी

चि. चिमी हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही कुरकुरतच होता. तू सुखरूप पोचलीस हे मामीने कळवलं. तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तर काही तुझे हात झिजले नसते. तुझा कप धुऊन पालथा घातलाय. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालते, जरी ती तुझी असली तरी.

आता मुद्द्याचं. तू मालकांविरुद्ध पोलिसांत तक्रार केलीस हे मला कुठे कळावं? छापखान्यात, सगळ्यांसमोर. मशीनवाले काका म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीने मालकांना चौकीवर नेलं की हो." मी हातात प्रूफ धरून तशीच उभी. बावीस वर्षं मी त्या टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या चुका काढते आहे. तुला तिथे घेतलं ते माझ्या शब्दावर. आठ महिने झाले नाहीत तोच तू माझ्याच डोक्यावर मिरे वाटायला लागलीस.

झालं होतं काय? तू बांधणीच्या टेबलाशी, दोन्ही हात खळीत बुडालेले. मालक मशीनवरून आले, हाताला काळी शाई. मागून जाताना मानेला हात लागला. एवढंच. मुली हसल्या, मालक हसले, "चला, हिचीही एक प्रत निघाली" म्हणाले. माणसाने गंमत केली. तू खळीचा ब्रश आपटून निघून आलीस, जसं काही आभाळच कोसळलं.

जखम झाली का? रक्त आलं का? शाईच ती, धुतली की जाते. आणि धुतली कोणी? घरी आल्या आल्या तुला न्हाणीत बसवून आधी तेल, मग साबण, मग पुन्हा तेल, असं करत कानामागून कॉलरच्या आतपर्यंत मीच पुसलं ना? कातडी जराही लाल होऊ दिली नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू मलाच म्हणालीस, "ताई, तू पुरावा पुसलास." वर हेही विचारलंस की तुला ही तेलाची युक्ती कुठून माहीत. छापखान्यात हयात गेली की सगळं माहीत होतं, बाई.

माझं टेबल तुझ्या समोर, म्हणून गुरुवारी मला जबाबाला बोलावलंय. काकांनी सांगून टाकलं, मी पाठमोरा होतो. शहाणा माणूस. तू तक्रार मागे घे. हात लागला म्हणून कोणाला शिक्षा होत नसते.

मामीला नमस्कार. तिच्याकडे आयतं खाऊन बसू नकोस, कामाला हात लाव.

तुझ्या भल्याचंच बघणारी,
ताई


२० फेब्रुवारी

चिमे,

पाकीट जड लागलं म्हणून आनंदाने फोडलं, तर आत माझंच पत्र! तुझा एक शब्द नाही. फक्त लाल पेन्सिल. दोन ठिकाणी 'हात लागला' होतं, तिथे 'ग'वर काट आणि समासात 'व'.

या खुणा तुला मीच शिकवल्या. तू दहा वर्षांची होतीस, स्वयंपाकघरात पालथी पडून माझी जुनी प्रूफं रंगवायचीस. अक्षरावर तिरकी रेघ, समासात बरोबर अक्षर, आणि त्याच्यापुढे उभी दांडी. दांडी दोन्हीकडे विसरलीस. शिकवलेलं धड आठवत नाही आणि निघाली मालकाला कोर्टात खेचायला!

गुरुवारी मी जाऊन आले. चौकीवरच्या बाई तुझ्याच वयाच्या, कानामागे पेन. मी आधीच सांगितलं की तिला काही इजा झालेली नाही. त्या म्हणाल्या, "इजा व्हायलाच हवी असं नाही, बाई. गर्दीत धक्का लागला तर तो गुन्हा नाही. पण समोरच्या माणसाला ते नको आहे, त्याचा त्यात अपमान आहे, हे कळत असून मुद्दाम हात लावला, तर नुसती बोटं टेकली तरी तो गुन्हा ठरू शकतो. सगळं त्या मुद्दामवर आहे. तुम्ही काय पाहिलंत तेवढं सांगा."

मी सांगितलं, त्यांनी लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला. वाचला. 'मालकांनी मागून येऊन तिच्या मानेला हात लावला.'

मी म्हटलं, "इथे अक्षर चुकलंय."

"तुम्ही असंच म्हणालात."

म्हणालेही असेन. जीभ आहे, घसरते. पण चूक दिसल्यावर सोडायची ही माझी रीत नाही. पर्समधून लाल पेन्सिल काढली, 'व'वर काट मारली, समासात 'ग' लिहिला, दांडी दिली, शेजारी सही केली. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "या एका अक्षराने काय होईल ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "माझं पोट अशा अक्षरांवरच चालतं."

आता कर थयथयाट.

तुला माझ्या तोंडून ऐकायचंच आहे ना? मग ऐक. चुकून लागलेल्या हाताचा एक डाग पडतो. तुझ्या मानेवर तीन रेघा होत्या, कानामागून निघून कॉलरच्या आत गेलेल्या, शेवटपर्यंत सारख्या जाड. तो हात कुठेच घाईत नव्हता. मला टेबलावरून दिसलं, आणि घरी पुसताना पुन्हा दिसलं. पण पाहिलेलं सगळं सांगितलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. तू नुकती शाळेत जायला लागली होतीस. मी प्रूफावर वाकले होते आणि अशाच तीन रेघा माझ्या मानेवर उठल्या. मी रॉकेलने घासल्या, कातडी निघाली, आठ दिवस गळ्याला रुमाल बांधून हिंडले. आठवड्याने काकांनी न बोलता, न बघता तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. पुढच्या वेळेसाठी. पुढच्या वेळा आल्या. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, त्यांच्यापाशी मी रडले तेव्हा त्या म्हणाल्या, "लागला असेल गं." मीही म्हटलं, लागला असेल. तेव्हापासून तो लागलेलाच आहे. रोज सकाळी मी त्या माणसाला नमस्कार करते, त्याने आणलेले पेढे खाते, त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफही मीच तपासलं.

आता तुझ्यासाठी 'लावला' म्हटलं, तर माझाही लावला होतो, चिमे. सगळ्या वेळचा. तुझ्या एका मानेपायी मी माझी वीस वर्षं पुन्हा तपासायला काढू? तेवढा जीव माझ्यात नाही, आणि असता तरी तुझ्यासाठी खर्च केला असता की नाही, शंकाच आहे. मला तुझा राग येतो. तू ब्रश आपटलास. मी का नाही आपटला?

कोर्टात येशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

ताई


२८ मे

चिमे,

काल तू मामीजवळ बसलेली दिसलीस. वाळली आहेस. निळ्या रंगात बरी दिसतेस, हे तुला पूर्वीही सांगायचं होतं.

पुढचं तू ऐकलंसच, तरी लिहिते. मालकांच्या वकिलांनी जबाब दाखवून विचारलं, "ही दुरुस्ती कुणाची?" मी म्हटलं, "माझी." "का केलीत?" "अक्षर चुकलं होतं." मग तुझ्या बाजूच्या सरकारी वकीलबाई उठल्या. "मानेवर तीन रेघा होत्या का?" मी म्हटलं, "आठवत नाही." "शाई कोणी पुसली?" "आठवत नाही." तेव्हा तू मान खाली घातलीस आणि मला तुझी मान दिसली. स्वच्छ होती. मी छान पुसली होती.

न्यायाधीश म्हणाले, स्पर्श मुद्दाम केल्याचं सिद्ध होत नाही. मालक सुटले.

बाहेर पडताना दारात गर्दी होती, तुझी बाही माझ्या हाताला लागली. ती खरंच लागली, चिमे. तू हात असा आखडून घेतलास की मामीने वळून पाहिलं.

आज छापखान्यात मालक मशीनवरून थेट माझ्या टेबलाकडे आले. मी वाकले होते. "बाई, तुमच्यासारखं बिनचूक माणूस सापडणार नाही," म्हणाले, आणि तीन बोटं कानामागून कॉलरच्या आतपर्यंत गेली. सावकाश. एकावन्नाव्या वर्षी. मला वाटलं होतं, वयाने तरी मला यातून सोडवलंय. मुली हसल्या. काकांनी पाठ फिरवली.

तुझ्या जागी एक नवीन मुलगी बसते. ती हसली नाही. खळीचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "बघतेस काय? हात लागला त्यांचा. काम कर."

तिने मान खाली घातली आणि कामाला लागली.

आता घरी आहे. तेल आणि साबण पुढे घेऊन बसले आहे, पण आपल्या मानेची मागची बाजू आपल्याला दिसत नाही. हात पोचतो. कुठलं निघालं नि कुठलं राहिलं, ते कळत नाही. दोनदा पुसून झालं, टॉवेल अजून काळा होतोय. तू असतीस तर पुसून दिलं असतंस का? खरं सांगू नकोस.

आज मालकांनी माझ्या मानेला हात लावला.

'व'च आहे. तीनदा तपासला. याच्यावर काट मारू नकोस.

तुझी मान पुसणारी,
ताई