साक्षीदार नको म्हणणारा कायदा

ताईस वाकून नमस्कार (कमरेत वाकवत नाही, मानेतून केलाय, गोड मानून घे). गुडघा कसा आहे? भाऊजींना कानाचं यंत्र बसलं का, की अजून सोयीचं तेवढंच ऐकतात?

आमच्या विवाह नोंदणी कचेरीत महिन्यापूर्वी नवा कायदा आला: लग्नाला साक्षीदार नकोत. वधूवरांनी यंत्रावर अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की लग्न झालं. तुला माहीतच आहे, मी सुधारणेच्या बाजूचा. तीस वर्षं साक्षीदार पाहिलेत. निम्मे रुसलेले काका, उरलेले समोरच्या टपरीवरचे, एका चहावर कुणाच्याही लग्नाला सही ठोकणारे. शिवाय घरचं कुणी सही करेना म्हणून रडत परत गेलेल्या मुलीही पाहिल्यात. तेव्हा मी कचेरीत भाषणच दिलं, की जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आधी ते कसाला लावून बघावं.

परवा एक गवंडी आणि एक परिचारिका आले. तिचा अंगठा झटक्यात उमटला. गवंड्याच्या अंगठ्यावरच्या रेषा मात्र सिमेंटनं खाल्लेल्या, यंत्र त्याला ओळखेना. आमचं बेसिन दुरुस्त करायला आलेला प्लंबर म्हणाला, ओल्या अंगठ्यानं घेतं, आणि दाखवायला म्हणून त्यानं स्वतःचाच टेकवला. हिरवा दिवा! यंत्रानं परिचारिकेचं प्लंबरशी लग्न लावलं, वर अभिनंदनही केलं.

साक्षीदार असते तर 'अहो, हा नव्हे, तो' एवढं तरी म्हणाले असते. मी डोळ्यांनी पाहिलेलं आता नियमात बसेना. पुस्तिका उघडली, तर लग्न रद्द करायला सहा महिने वेगळं राहण्याची अट. प्लंबर म्हणाला, हरकत नाही, आम्ही एकत्र कधी राहिलोच नाही. गवंडी प्लंबरचाच पाना उचलून त्याच्या अंगावर निघाला. परिचारिका तेवढी शांत. तिनं दोघांचीही नाडी पाहिली (सवयीनं असेल).

मग निरोप पोचून प्लंबरची बायको आली. मला वाटलं, आता छप्पर उडणार. तिनं बाकावर बसून पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "हा माणूस वीस वर्षं माझ्या घरी जेवतोय. हे सांगायला मी आलेय ना? लिहून घ्या." शेजारी गवंड्याची मावशी होती, साक्षीदार नकोत म्हणून इतका वेळ बाकावरच बसवून ठेवलेली. ती म्हणाली, माझंही लिहा, नवरामुलगा हा, माझा भाचा. कोऱ्या कागदावर दोन सह्या झाल्या. साहेबांनी कागद तीनदा वाचला, 'तांत्रिक चूक' असा शेरा मारला आणि नोंद रद्द केली. गवंड्याचं लग्न शेवटी मावशीच्या सहीनं लागलं.

त्याच दुपारी घरच्यांचा विरोध पत्करून आलेलं एक जोडपं अर्ध्या मिनिटात लग्न लावून मोकळं झालं. मुलगी जाताना यंत्रालाच हात जोडून गेली. आता तूच सांग, कायदा चांगला की वाईट? मी भाषण मागे घेतलेलं नाही, पण पुन्हा दिलेलंही नाही.

तुझा धाकटा

ता. क. इतकी वर्षं दुसऱ्यांचीच लग्नं लावली. सोळा तारखेला सकाळी अकराला आमच्या टंकलेखक बाईंशी माझं आहे. अठ्ठावन्न हे काय वय आहे का, हे तू म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकतो. कायद्यानं कुणी लागत नाही. तरी तू ये. तू नसलीस तर ते लग्न मला खरं वाटायचं नाही.

आणखी एक. दादाला सांगू नकोस. त्याला विचारावं लागत नाही, एवढ्यासाठी तरी हा कायदा टिकायला हवा.