ठेक्याचं श्रेय

दि. ४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आमचा अल्बम अखेर आला. सीडी सोबत पाठवतोय. तू भांडी घासताना म्हटलेलं आजीचं गाणं त्यात पहिलंच आहे. मागे नळाची टपटप ऐकू येते. रेकॉर्डिंगमधून ती पुसायला बसलो तर आमचा ड्रमवाला अडून बसला, म्हणाला की इतका पक्का ठेका त्यालाही जमत नाही. मग गिटार, ड्रम सगळं त्या टपटपीवरच बसवलं. कुणाचं श्रेय लाटल्यासारखं होऊ नये म्हणून वेष्टनावर छापलंय, ‘ठेका: काकांच्या घरचा गळका नळ’. हे जरा जास्त तर झालं नाही ना?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा खोडरबर

दि. १५ जून

चि. खोडरबरास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, जन्मभर लिहिलेलं खोडत बसलास आणि नेमकं हेच ठेवलंस? तुझे काका गावभर लोकांचे नळ दुरुस्त करतात, हे छापताना आठवलं नाही? गाणं रेडिओवर लागलं आणि निवेदकाने तुझी ती ओळही वाचून दाखवली. बेकरीवाल्याने चारचौघांत त्यांना विचारलं, घरासाठी चांगला प्लंबर सुचवू का म्हणून. एका जुन्या गिऱ्हाइकाने तर काम दुसऱ्याला दिलं. घरी येऊन त्यांनी नळाला नवा वायसर बसवला आणि नळासोबत तोंडही बंद केलं. तुझं नाव काढायची सोय नाही. गाणं मात्र झकास झालंय. ते बाहेर गेले की लावते.

त्यांना लिही. आणि जेवत जा वेळेवर.
मावशी

दि. २१ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

चूक सर्वस्वी माझी. खरेपणाच्या नादात तुमच्या धंद्याचा विचारच केला नाही. पुढच्या छपाईत ती ओळ काढतो. नळ ऐकू येणार आणि नाव नसणार, ही लबाडी होईल का, असंही मनात येतं. पण तुमच्यापुढे नळाची काय मातब्बरी!

राग ओसरला की दोन ओळी लिहा.
आपला खोडरबर

दि. ३ जुलै

चि. खोडरबर,
आशीर्वाद.

नळ दुरुस्त झाल्यापासून तुझी मावशी मुकाट्याने भांडी घासायची. विचारलं तर म्हणाली, ठेका गेला. घर खायला उठलं. शेवटी काल जुना झिजका वायसर परत बसवला. आधी भरभर गळायला लागला तर ती माझ्यावरच डाफरली. किंचित आवळला, तशी गायला लागली. असा तालात गळणारा नळ दुसऱ्या कुणी करून दाखवावा, असं बेकरीवाल्याला सुनावून आलोय.

तेव्हा ओळ काढू नकोस, सुधार. नळाचं कसलं आलंय श्रेय? ‘ठेका: काका’ असं छाप, आणि खाली दुकानाचा फोन नंबर घाल.

लोभ आहेच, तो तेवढा छापू नकोस.
काका