होडी शहाजीला मिळणार नाही

मी, गोजरा नामा कोळी, वय ६४, राहणार दिवाळे, बेलापूर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, सांगून लिहवून घेत आहे. माझा उजवा हात गेला आहे, डोकं शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालून बघावा.

१. राहते घर मुलगा स्वराज व सून मोनाली या दोघांच्या नावे व्हावे. एकट्या स्वराजच्या नाही. मार्च २०२१ मध्ये लस घेतल्यावर आठवड्याने माझं डोकं फुटायला आलं, उलट्या थांबेनात. मोनाली दवाखान्यात पुन्हापुन्हा सांगत होती, "आईंनी लस घेतलीय." डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, ॲसिडिटी आहे." स्वराज म्हणाला, "बरं साहेब." दुसऱ्या दिवशी माझी उजवी बाजू लुळी पडली. मोठ्या हॉस्पिटलात मोनालीने पुन्हा लशीचं सांगितलं, तेव्हा कुठे प्लेटलेट तपासल्या. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होती. लशीनंतर प्रतिकारशक्तीच उलटते आणि आपलंच रक्त गोठवते, लाखात एखादीला होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ती एखादी मी. क्वचित होतं म्हणून विचारायचंच नाही? त्या पहिल्या डॉक्टरांना मी माफ केलेलं नाही.

२. बाजारातली मासळीची जागा मोनालीची. एकटीची.

३. पतीच्या मागे माझ्या नावावर असलेली होडी दीर शहाजी वापरतो. मी खाटेवर असताना त्याने माझ्या वाकड्या तोंडाचा व्हिडिओ काढला. "वैनी, लोकांना कल्लं पायजे," म्हणाला. माझी जीभ वळत नव्हती. 'लस घेऊ नका' असं लिहून त्याने तो गावभर फिरवला. माझी धाकटी बहीण वेणू फोनवर म्हणाली, "ताय, तुजं तोंड बगलं. मी न्हाय जानार लशीला." मे महिन्यात ती कोरोनाने गेली. होडी तिच्या मुलीला, शर्मिलाला, द्यावी. ती विको, भाड्याने देवो, फोडून चुलीत घालो. शहाजीने विचारू नये.

४. माझा फोटो कोणी वापरू नये. लशीला शिव्या देणाऱ्यांनी नाही, आणि असं काही होतच नाही म्हणणाऱ्यांनीही नाही. घरच्यांनी लस जरूर घ्यावी. नंतर डोकं दुखायचं थांबलं नाही, तर डॉक्टर ऐकेपर्यंत सांगावं.

५. शहाजीने मला खांदा देऊ नये. मयताला मात्र यावं, आणि शर्मिलाच्या समोर उभं राहावं.

मजकूर वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही (डाव्या हाताने): गोजरा नामा कोळी

साक्षीदार: सुनयना भोईर, गोटीराम पाटील. बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर. त्यांनी कोणाला हात धरू दिला नाही.

दिवाळे, १० फेब्रुवारी २०२५