भोपळ्याचा दहीभात

विजयनगर, मैसूर
२ मे २०२५

ती. वनजाआत्या हिस,
सुष्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र अप्पांनी काल इथे आणून दिलं. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच झालं, नाहीतर आपल्या घरात मराठी लिहिणारं कोणी उरलं नसतं.

मी सध्या अग्रहारातल्या आपल्या घरी नाही. ज्या मृण्मयीला मी कन्नड शिकवते, तिच्या घरी राहते आहे. ती आणि तिचे आईवडील, म्हणजे विभावरीताई आणि उदयदादा, सुट्टीसाठी वाईला आजीकडे गेले आहेत. शाळा उघडेपर्यंत घर, झाडं, देवापुढचा दिवा आणि भोपळ्या माझ्याकडे. भोपळ्या म्हणजे त्यांचा म्हातारा लॅब्रॅडॉर. नाव मृण्मयीने ठेवलं. त्याला पाहिलंस तर कारण विचारणार नाहीस.

घर शाकाहारी आहे. भोपळ्याही दहीभातावरच वाढला. निघताना ताईंनी जरा संकोचून सांगितलं की अंडं-मटण उंबऱ्याच्या आत येऊ नये, देव सासूबाईंचे आहेत. मी शब्द दिला. अम्मा हसली. मटण खाणाऱ्या शिपायांच्या वंशातली पोर कुत्र्याचं सोवळं राखायला निघाली, म्हणाली. हसू दे. दुसऱ्याच्या घराची रीत पाळता येत नसेल तर आपण शिकलो कशाला?

काळजी एकच आहे. ते गेल्यापासून भोपळ्या धड जेवत नाही. फाटकाकडे तोंड करून पडून असतो.

लोभ आहेच, तो पत्रातूनही येत राहू दे.
तुझी,
सुष्मा


॥ श्री ॥
एच. डी. कोटे
७ मे २०२५

चि. सुष्मा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पदवी मिळाल्यापासून तुझ्या पत्रांत प्रश्न फार वाढले. आधी अक्षर तरी मोठं काढ.

इथे सगळं ठीक. आंबे उतरवले. रघूने माझ्यासाठी कानाचं यंत्र आणलं आहे. ते लावलं की सगळं जग भांडी घासतंय असं वाटतं. मी ते कपाटात ठेवलं आणि त्याला सांगितलं की छान ऐकू येतं. लेकाचं मन कशाला मोडायचं?

अय्यो, त्या कुत्र्याची कुठे मुंज झाली आहे? त्याला अम्माकडे ने, चिकनचं पाणी पाज आणि सुम्ने गप्प बस. शब्द तू उंबऱ्याला दिलास, त्याच्या पोटाला नाही. माणसं परत येतील तेव्हा त्यांना कुत्रं जिवंत दिसलं म्हणजे झालं. हरिश्चंद्राने कुत्रं पाळल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तू स्वतः वेळेवर जेव. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
वनजाआत्या


विजयनगर, मैसूर
१४ मे २०२५

ती. वनजाआत्या हिस,
सुष्माचा सा. न. वि. वि.

रागावले नाही. पण तुझं पत्र आलं तेव्हा मी ते करणार नाही असं ठरवलं होतं.

आधी भोपळ्याला जनावरांच्या डॉक्टर नव्या मॅडमकडे नेलं. आजार काही नाही, म्हणाल्या. घरच्यांच्या आठवणीने अन्न सोडलं आहे, आणि या वयात असं चाललं तर तो टिकणार नाही. चिकन किंवा अंडं द्या, वासाने तरी तोंड लावेल. मी लगेच ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ठणकावून सांगितलं, आमच्याकडे असलं चालत नाही, दहीभातच दे, खाईल. मी पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी तेच उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

घर त्यांचं, कुत्रा त्यांचा. मी ऐकलं. पनीर दिलं, तूप-पोळी दिली, हाताने भरवून पाहिलं. तो वास घ्यायचा आणि मान वळवायचा. मग एका सकाळी त्याचे मागचे पाय उचलेनात. मी त्याला तसाच ऑटोत घालून अग्रहारात नेलं. अम्माने लगेच चिकनचं पातेलं चढवलं. आत्या, तो जेवला. ताटली चाटत पार भिंतीपर्यंत ढकलत नेली.

आता आम्ही रोज दुपारी जातो. ऑटोवाले त्याला गौडा म्हणतात आणि पाटलाचा मान देऊन पुढे बसवायला बघतात.

तुझी उंबऱ्याची पळवाट मात्र मला पटत नाही. मी शब्द मोडला आहे. तसं ताईंना वाईच्या पत्त्यावर स्वच्छ लिहून पाठवलं. किल्ली कोणाकडे द्यायची तेही विचारलं आहे.

आशीर्वाद असू दे, सध्या लागेल.
तुझी,
सुष्मा


वाई
२१ मे २०२५

प्रिय सुष्मा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने उदयच्या हातात दिलं हे आपलं नशीब. किल्ली तुझ्याकडेच राहू दे.

तू फोन केलास तेव्हा सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. त्यांच्यासमोर मी दुसरं काय म्हणणार होते? आमच्याकडे सुना असंच बोलतात आणि ऐकणाऱ्या बाईला कळतं. तुलाही कळेल असं वाटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तू शब्दाची पक्की आहेस. तेव्हापासून तू माझं ऐकशील या भीतीने मला झोप नव्हती. मेसेज लिहिला आणि पुसला. माझा फोन मृण्मयीच्या हातात असतो आणि ती आजीला सगळं वाचून दाखवते.

सासूबाई आमच्याबरोबर मैसूरला येत आहेत. त्यांनी विचारलं तर दहीभातच सांग. एवढं माझ्यासाठी कर.

भोपळ्याच्या पाठीवरून माझा हात फिरव. तुझ्या आईंना नमस्कार.
तुझी,
विभावरी


अग्रहार, मैसूर
१ जून २०२५

ती. वनजाआत्या हिस,
सुष्माचा सा. न. वि. वि.

मंडळी आली. भोपळ्या फाटकापर्यंत धावला. मृण्मयी त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि त्याने तिचा चष्मा पाडला.

ताईंच्या सासूबाईंना गोदाआजी म्हणतात. त्यांनी भोपळ्याच्या बरगड्या चाचपून पाहिल्या आणि याला काय घालत होतीस, असं मला विचारलं. ताई मागे बॅग धरून उभ्या होत्या. दहीभात म्हणायचं मी रात्रीच ठरवलं होतं. ते तोंडातून बाहेर पडेना. मी चिकन म्हणाले. कुठे, कोणी शिजवलं, तेही सांगितलं. या घरात आणलं नाही हे सांगितलं. ताईंना फोनवर विचारलं होतं, त्यांनी साफ नाही म्हटलं होतं आणि तरी मी केलं, हेही सांगितलं. आत्या, यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, ताईंच्या पत्राचं तेवढं मी सांगितलं नाही.

गोदाआजींनी पुन्हा भोपळ्याच्या पोटावरून हात फिरवला. मग मीठ घातलं होतं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बरं केलं, कुत्र्याला मीठ सोसत नाही.

त्यांनी पदर खोचला, भोपळ्याला अंगणातल्या नळाखाली उभं केलं, स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, गंगाजळ शिंपडलं आणि मगच आत घेतलं. ताई तेव्हा बॅगा उघडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी किल्ली टेबलावर ठेवून निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा आजींनी मागून हाक मारून विचारलं, उद्या याला तुझ्या आईकडे किती वाजता आणायचं.

पाऊसपाणी कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुष्मा